कापणाऱ्याने निवडायचं नाही

प्रिय जिजी,

अम्मच्चीचा गुडघा आता बरा आहे. माशाच्या कालवणाला चव नाही म्हणते आणि दोनदा वाढून घेते. कारखान्यात मात्र निम्मे माग बंद आहेत. मागावरची विलासिनी रोज दारात येऊन विचारते, "चेची, आज तरी काथ्या लावायचा का?" मी रोज उद्यावर ढकलते.

कारण तेच, हँबर्गचं गिऱ्हाईक. आपली पायपुसणी त्यांच्या गोदामात ओल्या भिंतीला पडून राहिली, त्यांना बुरशी लागली आणि दोष आपल्या माथी आला. मी म्हटलं, माणूस पाठवा, कोचीत बसून बघू. त्यांनी करारातलं शेवटचं कलम दाखवलं. विक्रेत्याने तक्रार फक्त लंडनच्या लवादापुढे न्यायची. खरेदीदाराने मात्र लवादाकडे जावं नाहीतर वाटेल त्या कोर्टात, त्याची मर्जी. त्या मर्जीने ते आपल्याच कोचीच्या कोर्टात गेले आणि बंदरावरचा आपला दुसरा कंटेनर अडवून बसले. माझं गाऱ्हाणं मात्र त्या कोर्टात चालत नाही. तुझे भावोजी म्हणतात, "खेळ आपल्या अंगणात, आणि आपण टाळी वाजवायलाही विमानाने जायचं."

कोचीच्या वकिलांचं म्हणणं, असं एकतर्फी कलम कुठे टिकतं, कुठे टिकत नाही. आणि तुम्ही धंदेवाल्या, डोळे उघडे ठेवून सही केलीत. केली. इथे सगळेच करतात. रंग, वजन, काठाची शिवण यांवर आठवडाभर घासाघीस करायची, पण भांडणाचं कलम वाचायला बसलं की नव्या सोयरिकीत काडीमोडाचं बोलल्यासारखं वाटतं.

कारखाना अप्पच्चन बघायचे तेव्हाची त्यांची नमुना ठेवायची रीत तुला आठवत असेल. पायपुसणं मधोमध कापून अर्धं आपल्याकडे, अर्धं गिऱ्हाइकाकडे. तक्रार आली की दोन्ही जोडून बघायची. कापायचे अप्पच्चन, पण कुठलं अर्धं घ्यायचं ते गिऱ्हाईक ठरवायचं. कापणाऱ्याने निवडायचं नाही, हे तर तूच हलव्याच्या तुकड्यावरून मला रडून रडून ऐकवायचास.

आता पुढच्या दोन वर्षांचा करार आला आहे. कलम तेच. या वेळी पहिल्यांदा शेवटचं पान आधी वाचलं, आणि मसुदा करणाऱ्या त्यांच्या वकिलांच्या नावांत तुझं नाव दिसलं. तू कधी बोलला नाहीस. कलम काढा असं मी म्हणत नाही. 'खरेदीदार' आहे तिथे 'दोघांपैकी कोणीही' लिही, एवढंच. ते तुझ्या हातात नसेल, तर हे काम दुसऱ्या कुणाकडे सोपव. समोर परका असला तर मी भांडेन. तू असलास तर तुझ्या नोकरीला धक्का नको म्हणून मी मुकाट्याने सही करून टाकेन. आणि मला सही करायची नाही, जिजी.

तुझीच मोठी बहीण,
ग्रेसीचेची