गॅलरीत बारमाही फुले

२ मार्च, सकाळी ७
पक्कं ठरलं. उन्हाळ्यात सदाफुली, पावसाळ्यात तेरडा, थंडीत झेंडू. सातवी नापासाला बाग जमत नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. हिला गॅलरीत कपड्यांचा स्टँड हवाय. म्हटलं, नोव्हेंबरात लेक येईल तेव्हा एकही फूल नसेल, तर गॅलरी तुझी. ही लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच म्हणायला नको होतं.

९ मार्च
सदाफुली पेरून सहा दिवस. वर काही नाही. जिवाला घोर. चमच्याने हळूच उकरून पाहिलं. बी आहे. परत पुरलं.

१० मार्च
आहे.

११ मार्च
एकाला पांढरा कोंब! दुपारी पुन्हा पाहिला. संध्याकाळी पाहताना मोडला. बियाणंच हलकं. नर्सरीवाल्याला सुनावलं. म्हणाला, आजोबा, तुम्ही बी पेरता की हरवलेलं शोधता? उद्धट आहे.

२० जून
लेकीला फोनवर सांगितलं, तेरडा जोरात आहे. खोटं नाही. सकाळपर्यंत होता. मुळं नीट धरलीत ना, एवढंच उपटून पाहिलं. तेव्हापासून मान टाकून बसलाय. ही म्हणाली, तुम्हाला रोज उपटून पाहिलं तर तुम्ही तरी जगाल का?

१४ ऑगस्ट
झेंडूची सहा रोपं, सहा कुंड्या. शपथ घेतली. रोज उकरायचं नाही. एक दिवसाआड.

१७ ऑगस्ट
हिने स्टँड आणलाच. कोपऱ्यातली कुंडी त्याच्या चार पायांत अडकली, वर ओल्या चादरी. हात शिरत नाही. ते रोप गेलं समजायचं. उरलेल्या पाचांकडे दुप्पट लक्ष देणार.

३० सप्टेंबर
पाचातली चार गेली. हवाच खराब.

९ नोव्हेंबर
पाचवंही गेलं. उद्या लेक येणार. रात्रीचं जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर
लेक आली ती थेट गॅलरीत. मी मागे. तिने चादर बाजूला केली. कोपऱ्यातल्या कुंडीत झेंडू. तीन फुलं, वाटीएवढी. म्हणाली, आई, तुझ्या हाताला गुण आहे गं. ही म्हणाली, मी काहीच केलं नाही. आणि माझ्याकडे पाहत पुन्हा म्हणाली, काहीच.
असो. पैज मी जिंकलो. स्टँड आजच बाहेर काढला.

११ नोव्हेंबर, सकाळी ६
दोघी झोपल्यात. एवढी फुलं येतात म्हणजे खाली मुळं असतील तरी केवढी? एकदाच बघतो.

११ नोव्हेंबर, सकाळी ९
गॅलरीत स्टँड परत आला. येताना दुसरा घेऊन आला.