आकड्याखालची घरं

८ फेब्रु. २००५, कळमनुरी
हैदराबादहून सीडी आली एकदाची. उपग्रहानं मोजलेल्या जमिनीच्या उंच्या. सॉफ्टवेअरमध्ये घातल्या; टॉवर कुठे उभारला तर मोबाइलची रेंज कुठवर जाईल, ते आता कळेल. सगळा तालुका झकास. फक्त धरणाच्या फुगवट्याजवळ भोक. तिथे उंची उणे ३२,७६८ मीटर! पाण्याजवळ उपग्रहाला नीट दिसलं नाही की हाच आकडा पडतो. त्या पाताळात नवी वाडी आहे, धरणातून उठवलेल्यांची. साठेक घरं. पुण्याहून बॉस म्हणतो, "हातानं मोज." स्वतः एसीत.

१० फेब्रु.
सलीमभाईंची जीप. भाई इथलेच, तोंडाला विश्रांती नाही. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो आणि दाब दिवसभरात बदलतो, म्हणून सकाळचा आकडा दुपारी त्याच जागी ताडून बघायचा. जागा सापडाव्यात म्हणून दगडांवर गेरूनं उंच्या लिहीत गेलो. ४४३. ४४६. ४५१. युक्ती माझीच, खूश होतो. पण वाडीत कुणी पाणीही विचारलं नाही. दारं लागत गेली. परतताना भाई आरशात मागे पडलेले दगड बघत होते.

११ फेब्रु.
वाडीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवर किसनबाबा. सत्तरीचे. "काहून मोजून राहिले साहेब?"
टॉवर, मोबाइल, सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मागल्या बारीलाबी असेच लाल आकडे व्हते. म्हणले, नुसतं मोजून राहिलो. आकड्याच्या खालचं समदं पाण्यात गेलं."
त्यांचं घर माझ्या ४४६ च्या खाली आहे.
"बाबा, शब्द देतो. पाणी येणार नाही."
"शब्द त्याईनंबी दिल्ता."
जीपमध्ये भाई: "साब, ये गेरू का काम नक्को करना था."
"आता सांगता?"
"तुमी पूछे किधर?"
बरोबर आहे. गाढव मी.

१२ फेब्रु.
दगड धुवायला गेलो, कॅन आणि घासणी घेऊन. उशीर झाला होता. किसनबाबांचं दार चौकटीसकट अंगणात. ते आणि सून पत्रे उतरवत होते. मागच्या वेळी लाकूड काढायच्या आत पाणी घरात शिरलं होतं म्हणे. शेजारीही दोन घरांत ठोकाठोक.
"बाबा, लावा हो परत."
"लिहून द्या मंग."
दिलं. कंपनीच्या कागदावर, सहीनिशी : ही मोजणी धरणाची नाही. त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. पण दार लावलं नाही. मी असेपर्यंत तरी नाही.

१५ फेब्रु.
भोक भरलं. टॉवर टेकडीवर नेला की वाडीत रेंज फुल्ल. बॉस खूश. भाई सांगत आले, बाबांनी दार बसवलं, माझा कागद विहारात भिंतीला लावलाय. इतकं बरं वाटलं की दोनदा चहा मागवला.

१८ फेब्रु.
बॉसचा फोन. कुणी सरकारी साहेब भेटून गेले. फुगवट्याजवळच्या इतक्या बारीक उंच्या त्यांच्याकडे नाहीत, आपल्याकडे आहेत हे त्यांना कळलंय. "सीडी करून आजच पाठव. नाही म्हणू नकोस, टॉवरची परवानगी अडेल."
कशाला हव्यात, विचारलं.
"धरणाची भिंत वाढवता येते का, ते. नक्की काही नाही रे. नुसतं बघतायत."

कोरी सीडी आत घातली आहे. बटण दाबलेलं नाही. कुरिअर सहाला बंद होतं. भाई खाली हॉर्न वाजवून राहिलेत, आणि त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.