माहेरचं महाअस्त्र

देवपूर, धुळे
चैत्र, गुरुवार

ती. धर्मेंद्रभाऊस,

धाकट्या ज्योत्स्नाचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. समोर असतास तर आधी भांडले असते आणि मग वाकले असते.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटल्यावर तू खाली चष्म्याच्या दुकानातच झोपायला लागलास, म्हणजे चढायचा प्रश्नच मिटला, असं वहिनी सांगत होत्या. धन्य आहे तुझी. आईचे पापड झाले का? जळगावच्या उन्हात एका दिवसात वाळत असतील. आम्ही सगळे इथे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बरे नाही आहोत, आणि त्याला कारण तू आहेस.

फोनवर मी रागवायला लागले की तुला नेमका आवाज येईनासा होतो आणि मागून जोडलेल्या हातांचं चित्र येतं. कागदाची रेंज जात नाही, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच. वहिनींनाही वाचून दाखव, म्हणजे आपण कुणाशी लग्न केलं ते त्यांना पुन्हा एकदा कळेल.

आमच्या रविवारच्या खेळाचं तुला ठाऊक आहेच, पण वहिनींसाठी थोडक्यात सांगते. मध्ये नकाशा, भोवती माणसं, हातात फासे. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. मी गोष्ट सांगत जाते आणि विचारते, आता तुम्ही काय करणार? ते सांगतात, फासे पडतात आणि जमलं की फसलं ते ठरतं. बी.एड.ला असताना होस्टेलवर शिकले होते. आमची गोष्ट आजच्या काळातली, हेरगिरीची. जगातलं सगळं गोडं पाणी गिळायला निघालेला मिस्टर शून्य नावाचा दुष्ट माणूस मी मोठ्या प्रेमाने घडवला आहे. त्याच्यामागे तिघं लागलेत. आमचे हे, म्हणजे स्वप्नील, शास्त्रज्ञ झालेत (एरवी शेतीच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात). शेजारची सारिका कुठलंही कुलूप उघडणारी बाई झाली आहे (एरवी ब्युटी पार्लर, आणि स्वतःच्या घराची किल्ली हरवली की आमच्याकडे येऊन बसते). आणि माझे सासरे झुलालनाना, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, ते एजंट नथ्थू. एजंट नथ्थू लंडनला उतरो की टोकियोला, आधी बसस्टँड कुठे आहे ते विचारतो आणि कंट्रोलरशी ओळख काढतो. आजवर एकदाही पकडला गेलेला नाही.

हसू नकोस भाऊ, आता जरा मनातलं सांगते. सासूबाई गेल्यापासून नाना घरात असून नसल्यासारखे झाले होते. सोनगीरचं घर बंद करून त्यांना इकडे आणलं. वेळेवर जेवायचे, टीव्हीसमोर बसायचे, काही विचारलं की ‘हो’, नाहीतर ‘बरं’. बापलेकांत तर तेवढंही नव्हतं. या खेळात नथ्थू झाले आणि माणूस बोलायला लागला बघ! स्वप्नीलशी बोलायला लागले, हसायला लागले, रविवारी सकाळीच दाढी करून बसायला लागले. मला त्या मिस्टर शून्याचं काय पडलंय? मला तो रविवार टिकवायचा आहे. तो मोडला तर नाना परत टीव्हीपुढे जातील, आणि मला ते बघवणार नाही.

आणि तू काय केलंस? मी एक रविवार पिंपळनेरला मैत्रिणीच्या लग्नाला काय गेले, विश्वासाने तुला माझ्या खुर्चीत बसवलं. एवढंच सांगितलं होतं, की कुणाला काही देऊ नकोस, नुसतं वेळ घालवत बस. पण तुझा हात कधी आखडलाय? तू चष्म्यावर चष्मा फुकट देणारा माणूस. नानांनी नुसतं त्यांच्या अहिराणीत विचारलं, ‘बठ्ठं शे, पण हत्यार कोठे शे?’ सगळं आहे, हत्यार तेवढं नाही, आणि तू देऊन मोकळा! बरं, द्यायचं तर एखादी बंदूक द्यावी, गेला बाजार तोफ द्यावी. तू दिलास आकाशातून आग ओकणारा उपग्रह, बटण दाबलं की अख्खं शहर राख! मी परत आले तर तिघांची तोंडं अशी फुललेली, की लग्न यांच्याच घरी होतं. महिनोन् महिने रचलेली माझी गोष्ट आता एका बटणाची राहिली होती.

मी काय हातावर हात धरून बसले नाही. आधी म्हटलं, उपग्रह बिघडला. आमचे हे लगेच बाह्या सरसावून पुढे. फासे असे पडले की उपग्रह दुरुस्त तर झालाच, वर कमी विजेवर चालायला लागला. मग चोर पाठवले. नथ्थूने कंट्रोल पेटीला साखळीकुलूप लावून तिच्यावरच वळकटी टाकली होती. मग संयुक्त राष्ट्रसंघाचं शिष्टमंडळ पाठवलं, हत्यार जमा करा म्हणून. नानांनी त्यांना चहा पाजला, शेवभाजी खाऊ घातली आणि साहेब बाहेरगावी गेलेत, सोमवारी या म्हणून वाटेला लावलं. ते बिचारे अजून येतायत. आणि गंमत म्हणजे एवढं करून वापरतं कुणीच नाही! मिस्टर शून्य समोर उभा, तरी नाना म्हणतात, नवीन वस्तू आहे, नारळ फोडल्याशिवाय हात नाही लावायचा. नारळ फुटला तर सारिका म्हणे अमावास्या आहे. मी मनात म्हटलं, चला, हे आपल्या नव्या डिनर सेटसारखं कपाटातच राहणार, सुटलो.

कसलं सुटलो! मागच्या रविवारी पाळी निघाली. आपल्याकडे सामाईक विहीर असली की मोटर कुणी कोणत्या वारी चालवायची याची पाळी असते ना, तशीच यांनी उपग्रहाची पाळी लावायला घेतली. आमचे हे म्हणाले, दुरुस्त मी केला, मला एक दिवस जास्त. नाना म्हणाले, मोठा मी, पहिली पाळी माझी. सारिका म्हणाली, माझ्या दिवशी लाइट नसली तर भरपाई मिळणार का? आणि बघता बघता भाऊ, खेळ राहिला बाजूला आणि सोनगीरच्या बांधावर उभं राहिल्यासारखे बापलेक कडाकडा भांडायला लागले. ‘मी मोठा शे का तू?’ म्हणत नानांनी फासे उधळले आणि उठून गेले. आकाशात नसलेल्या उपग्रहासाठी! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. नाना मला सांगतात, तुझ्या नवऱ्याला सांग पंखा बंद कर म्हणून. नवरा पंख्याखालीच बसलेला असतो. आणि मला पुन्हा ‘हो’ आणि ‘बरं’. खरं सांगते, पोळ्या लाटता लाटता डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी काल चहा घेऊन नानांजवळ बसले. म्हटलं, नाना, पाळी लावायची तर आधी विहीर कुणाच्या नावावर आहे ते बघतात ना? हा उपग्रह आला कुठून? नानांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘तुना भाऊनी दिन्हं ना ते?’ म्हटलं, हो. त्यांनी चटकन कानाला हात लावला. म्हणाले, ‘मंग ते तुनं शे.’ सुनेच्या माहेरून आलेल्या वस्तूवर सासरच्याने हक्क सांगायचा नाही, असं त्यांच्या घरात चालत आलंय. सासूबाईंचा माहेरचा पितळी हंडा सोनगीरला आहे, तो जागचा हलवायचा झाला तरी नाना त्यांना विचारायचे.  मग उठले आणि थेट स्वप्नीलला (माझ्यामार्फत नव्हे!) म्हणाले, आपण दोघं येडे, पोरीच्या वस्तूवरून भांडत होतो. आमच्या ह्यांनी मान डोलावली आणि पंखा बंद केला. कंट्रोल पेटी, म्हणजे रंगवलेला पुठ्ठ्याचा डबा, आता माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. नानांनी येत्या रविवारसाठी दाढीचं नवं ब्लेड आणलंय.

तेव्हा तुझी चूक मी माफ केली आहे. वहिनींना नमस्कार, आईला सांग पापड थोडे तिखट कर.

तुझी,
ज्योत्स्ना

ता. क. : माफ केलं, पण संकट टळलेलं नाही. आज सकाळीच नाना हळूच विचारत होते, ‘सूनबाई, मिस्टर शून्य फारच माजलाय, तुझी माहेरची वस्तू घटकाभर वापरू का?’ इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. माझ्या तोंडून ‘नाही’ कसं निघेल, सांग? रविवारी विचारलं तर मी देऊन बसेन, आणि गोष्ट संपेल. म्हणून एकच उपाय आहे. सासुरवाशीण माहेरी जाताना आपली वस्तू घेऊन जाऊ शकते. आखाजी आली आहे, अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जायचे दिवस. मुऱ्हाळी होऊन ये आणि मला घेऊन जा.

ता. क. दुसरा : वरचं कारण खोटं नाही, पण तेवढंच कारण आहे असंही नाही. दर आखाजीला ‘एसटी आहे की, मी येईन माझी’ असं मीच म्हणते, आणि तू खरंच ऐकतोस, गाढवा. सारिकाचा भाऊ धरणगावहून मोटारसायकलवर येतो तिला न्यायला, आणि मी गॅलरीतून बघते. उपग्रह नको होता रे मला. तू मुऱ्हाळी होऊन यायला हवा होतास.

ता. क. तिसरा : पाकिटाला डिंक लावायला दिला तर नानांनी पत्र वाचून काढलं. ते म्हणतात, सूनबाईने खुशाल जावं, पेटीही न्यावी, पण पुढच्या रविवारच्या आत परत यावं, नथ्थू खोळंबतो. तुलाही मुक्कामाला बोलावलंय. आणि वर म्हणाले, मुऱ्हाळी रिकाम्या हाताने येत नसतो. हे म्हणताना बापलेक एकमेकांकडे बघून इतके गोड हसले, की डिंक लावायच्या आधी मी हे लिहायला घेतलं. भाऊ, पाया पडते, गोडीशेव आण. फक्त गोडीशेव.