भिंत खाणाऱ्या कोंबड्या

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे मी आणि तुझ्या पाच कोंबड्या. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं हे भाचीने फोनवर सांगितलं. ‘आई बोलायला नको म्हणते’ असंही सांगितलं, म्हणून पत्र लिहितोय.

तुझ्या घरी येऊन मला बारा दिवस झाले. पहिल्याच दिवशी खुराडं झाडून लख्ख केलं. काय पसारा ग तो! आत भिंतीला टांगलेल्या डब्यात तर कुणीतरी उरलीसुरली पांढरी कच ठेवून दिली होती. फाटकापाशी वाटेत खड्डा आहे ना, त्यात ती ओतली आणि वरून सिमेंट मारलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस मी, मला माल वाया घालवणं जमत नाही.

कोंबड्या माझ्यावर भलत्याच खूश आहेत. तू ठेवलेल्या पोत्यातल्या खाद्याकडे ढुंकून बघत नाहीत. सकाळी पाव, मग मक्याचे दाणे, दुपारी भात, चहाबरोबर माझ्यातलंच एक बिस्किट. मला बघितलं की पाचही जणी पंख पसरून धावत येतात. माझ्या लग्नातसुद्धा कुणी इतक्या आनंदाने माझ्याकडे धावलं नव्हतं.

एकच खोड लागली आहे. मागच्या भिंतीला मी चुना मारला, तर त्या भिंतच खायला लागल्या. तुझी ती मास्तरीण कोंबडी पुढे, बाकीच्या मागे. हाकललं तरी पुन्हा हजर. इतक्या भिंती बांधल्या, पण भिंत खाणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं.

अंडी येतात. जरा कमी येतात, पण थंडी आहे ना.

पायरीचं बघतो.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मागच्या पत्रात मी लपवाछपवी केली. तुला अंथरुणात घोर नको म्हणून केली असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. तू रागावशील म्हणून केली.

अंडी नुसती कमी नव्हती. एक अंडं उचललं तर हातात लिबलिबलं. कवचच नाही, वर नुसता पापुद्रा. म्हटलं, एखादं येत असेल तसं. मग तशी चार आली. आणि परवा सकाळी तुझी लाडकी भुरी बाहेरच आली नाही. आत जाऊन बघतो तर एका कुशीवर बसलेली. उभं करायला गेलो, तर पाय घसरून पुन्हा खाली. माझ्याकडे बघत राहिली ग.

टोपलीत टॉवेल घालून तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लहानखुऱ्या बाई, पण बोलणं हातोडीसारखं.

“खायला काय घालता?”

मी ऐटीत सगळी यादी सांगितली.

“आणि खाद्य?”

“ते खातच नाहीत त्या.”

“आजोबा, तुम्हाला रोज जेवणाआधी पोटभर आइस्क्रीम दिलं तर तुम्ही जेवाल का? आधी खाद्य. दहा घास खाद्याचे झाले तर एक घास लाडाचा, तोही दुपारनंतर. शिंपल्यांचा चुरा ठेवता ना वेगळा?”

तो कसा दिसतो, मी विचारलं. बाईंनी बरणीतून मूठभर काढून दाखवला. ताई, तुझ्या डब्यातली पांढरी कच! फाटकापाशी सिमेंटखाली गाडली ती!

“म्हणून त्या माझी भिंत खात होत्या?”

“चुन्यातही कॅल्शियम असतं. त्यांना काय हवंय ते त्यांना कळत होतं. कळत नव्हतं ते तुम्हाला.”

मग त्यांनी जे सांगितलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. एका कवचाला वीस तास लागतात. त्यातलं पुष्कळसं काम कोंबडी झोपेत करते. आणि अंगात माल कमी पडला तर काम थांबवत नाही. आपल्या हाडांतून काढते आणि कवच बांधते. अंडी बाहेर येत राहतात, आणि आत हाडं पोकळ होत जातात.

मी खुर्चीत बसून राहिलो. मला ओळंबा लागतो, मजूर लागतो, सात दिवस पाणी मारावं लागतं, तरी भिंतीला तडा जातो. आणि ही मूठभर बाई अंधारात, हाताशिवाय, सांधा नसलेली भिंत गोल फिरवून आणते! त्यासाठी स्वतःच्या घराच्या पायातले दगड काढते! सकाळी बाहेर येऊन ओरडली की आपण म्हणतो, काय कलकलाट लावलाय.

भुरीला चोचीत औषधाचे थेंब द्यायचे आहेत. उभी राहील का, विचारलं. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही.

मला माफ कर असं आत्ता लिहीत नाही. आधी तिला उठू दे.

तुझा,
धाकटा


१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. माझं पत्र वाचून दाखवल्यावर तू एवढंच विचारलंस म्हणे, “उठली का?”

उठली ग ताई. नवव्या दिवशी. आधी भिंतीला टेकून, मग मोकळी. चार पावलं चालली आणि मास्तरणीच्या तोंडची अळी पळवली. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. शेजारीण कुंपणावरून बघून गेली.

चुरा आता पुन्हा डब्यात आहे. खाद्यात मिसळू नका, जिला हवा तिला घेऊ दे, असं बाई म्हणाल्या. संध्याकाळी मी बादली पालथी घालून बसतो आणि बघतो. अंड्यावर असलेल्या तिघी येऊन मोजके तुकडे उचलतात. अंडी बंद झालेली म्हातारी डब्यावरून सरळ निघून जाते. भुरी सगळ्यात जास्त वेळ थांबते. त्यांना कोण सांगत असेल ग? मी तर रोज थक्क होतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

पायरी हलते, थोडा माल लाव, असं तू दोन वर्षं सांगत होतीस. अख्ख्या गावाच्या पायऱ्या केल्या मी, आणि सख्ख्या बहिणीला म्हणालो, बघतो. त्याच पायरीवरून तू पडलीस. दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, एका पायरीवरून पडून इतकं मोडत नाही, यांची हाडंच पोकळ झाली आहेत. खरं सांगतो ताई, मला हायसं वाटलं. म्हटलं, दोष हाडांचा आहे, माझ्या पायरीचा नाही.

मग डॉक्टरीणबाई ते हाडांचं बोलल्या, आणि त्या खुर्चीत मला आपलं दूध आठवलं. आई गेल्यावर घरात एकच पेला यायचा. तू म्हणायचीस, मला दुधाचा वास सहन होत नाही, तू पी. मी प्यायचो. एकदा पाणी प्यायला उठलो तर तू स्वयंपाकघरात पाठमोरी बसून दुधाचं रिकामं पातेलं बोटाने पुसून चाटत होतीस. मी नऊ वर्षांचा होतो. सगळं कळलं मला. तसाच मागे फिरलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अख्खा पेला प्यायलो.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पायरी माझी होती, आणि हाडंही माझ्याच पायी गेली. आता माफ कर म्हणतो. नाही केलंस तरी चालेल.

पायरी उखडून नवी बांधली. सात दिवस पाणी मारलं, आठव्या दिवशी वर उभा राहून उड्या मारल्या. हलत नाही. भिंतीला मात्र हात लावला नाही. चोचींचे खड्डे तसेच ठेवलेत, तू बघावेस म्हणून.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू उशीखाली सरकवतेस, असं भाची सांगते. घे ग त्या. आणि आल्यावर रोज पेलाभर दूध मी माझ्या हाताने देणार आहे. वास सहन होत नाही हे आता माझ्यापुढे चालायचं नाही.

भुरीने काल अंडं दिलं. बोटाने वाजवून बघितलं, टणक आहे. फोडवत नाही मला. तू ये, मग फोडू.

तुझ्या वाटणीचं दूध प्यायलेला,
धाकटा