फ्लेमप्रूफ डबा आणि माझा अनुभव

५ मे, सोमवार
रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये आज माझं नशीब उघडलं. आशुतोष सरांनी पेंट फॅक्टरीचा पॅनेल माझ्याकडे दिला. जाडजूड ॲल्युमिनियमचा फ्लेमप्रूफ डबा. आत भडका उडाला तरी ज्वाळा बाहेर येता कामा नये, म्हणून सगळं घट्ट बंद. आत मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय. शुक्रवारी कस्टमरची टेस्ट. पास झाली की डिझाइन हेड मीच. सर तसं स्पष्ट म्हणाले नाहीत, पण हसले.

६ मे
दीड तासात ड्राइव्ह तापून ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. आत अडुसष्ट डिग्री. ज्युनियर सोनम म्हणाली, उष्णतेला बाहेर जायला रस्ता नाही; ड्राइव्ह थेट डब्याच्या भिंतीला टेकवून बसवू, पॉवर सप्लाय बाहेर सुरक्षित जागी नेऊ. अनुभव नसला की माणसं सामान बाहेर काढतात. मी आत पंखा बसवणार. एकोणीस वर्षं उगाच नाही काढली.

७ मे
पंखा बसवला. तासाभरात ट्रिप. दुसरा बसवला. पाऊण तास. सोनमचं म्हणणं, पंखे तीच गरम हवा घुसळतायत आणि वर स्वतःची भर घालतायत. पंख्यांची क्वालिटी हल्ली राहिली नाही.

८ मे, सकाळी ७.४०
नेरूळला घरी कुकरची शिट्टी झाली आणि डोक्यात प्रकाश पडला. वाफेला वाट हवी!

संध्याकाळी ६
सोनम रजेवर होती, शांतपणे काम झालं. डब्याला मागून तीन भोकं पाडली. मागून, कारण पुढून बरं दिसत नाही. चार तास एकही ट्रिप नाही. साध्या गोष्टी कुणाला सुचतच नाहीत.

९ मे, शुक्रवार
कस्टमरचे सेफ्टी ऑफिसर रूपेश पाटील आले. पॅनेल मस्त चालला. कसं जमवलं विचारलं, म्हणून मी अभिमानाने डबा फिरवून दाखवला. त्यांनी एका भोकात पेन घातलं. ते आरपार गेलं.

"आमची माणसं दिवसभर थिनरच्या वाफेत काम करतात," ते म्हणाले. "यातून भडका बाहेर आला तर तुमी याल का तिथे उभे राहायला?"

लाज वाटली. मग सरांनी सोनमला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

१२ मे
रूपेश पाटील जरा जास्तच भावनाप्रधान आहेत.

१६ मे, शुक्रवार
सोनमचा पॅनेल नव्या डब्यात आठ तास चालला. पास. डिझाइन हेड सोनम. मी टाळ्या वाजवल्या, थोड्या उशिरा.

माझा डबा कॅन्टीनमध्ये गेला. सुमित्राबाई त्यात चपात्या ठेवतात. म्हणाल्या, "सायेब, भोकं हायेत म्हनून चपात्यांना पानी सुटत नाय. आनखी एक करून द्या."

लगेच ड्रॉइंग काढलं. सोनम मॅडमच्या टेबलावर ठेवलंय, मंजुरीसाठी.