बाबांच्या रायफलचा चाप

३ नोव्हेंबर, रविवार
बाबांना जाऊन १ डिसेंबरला वर्ष होईल. त्या दिवशी क्लबात त्यांच्या नावाची स्पर्धा. उद्घाटनाची गोळी मी झाडायची, तीही त्यांच्याच जुन्या लष्करी रायफलने. एकच गोळी. दहा गुण. सौमित्र कर्णिक बापापेक्षा कमी नाही, हे एकदा सगळ्यांना दिसू दे!

बाळकुमला रेंजवर पहिला सराव. तीन गुण. दोष माझा नाही. ट्रिगर भलताच जड आहे.

१० नोव्हेंबर
ट्रिगर अर्ध्यावर अडकतो. आणि नेमका तिथे अडकला की मागे कोणीतरी खाकरतं. अगदी बाबांसारखं. मी चुकलो की ते बोलायचे नाहीत, नुसते खाकरायचे. वळून पाहिलं, मागे फक्त पाण्याचं पिंप.

सेक्रेटरी मंदाकिनीताई म्हणाल्या, अरे, तू श्वास कोंडून धरतोस, म्हणून हात थरथरतो. मी काय नवशिका आहे? कारण टेक्निकल आहे. भुताबितांवर आपला विश्वास नाही. तरी पिंप हलवून घेतलं.

संध्याकाळी: बोटाला लाल लागलंय. साबणाने जात नाही. हेमाला दाखवलं नाही, उगाच घाबरेल.

१३ नोव्हेंबर
मानपाड्याच्या ऑफिसात माउस क्लिक केला, आणि खाकरणं! एसीचा आवाज असणार. मेंटेनन्सला कम्प्लेंट केली.

निर्धार: हॉलमधल्या बाबांच्या फोटोकडे बघायचं नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून हॉल ओलांडला, टीपॉयवर गुडघा आपटला. हेमा म्हणाली, अहो, समोर बघून चाला. तिला काय सांगणार, समोर कोण आहे ते.

१७ नोव्हेंबर
ताईंच्या परवानगीने क्लबातच ट्रिगर उघडला. आत काय निघावं? कुंकू! हळद, गंध, दोन-तीन अक्षता, सगळं तेलात मुरून दगड झालेलं. दर खंडेनवमीला क्लबात शस्त्रपूजा असते. सगळे नळीला हळदकुंकू लावायचे, बाबा थेट ट्रिगरला. वर गोडेतेलाचं बोट. भक्तीच तशी.

म्हणजे बोटाला कुंकूच लागलेलं. मी घाबरलेलो नव्हतोच.

ताई म्हणाल्या, एवढ्या चिकट्यातून हरिहरराव दहा मारायचे, कमाल माणूस! हे आत्ता बोलायची गरज नव्हती. रॉकेलने सगळं धुतलं.

२४ नोव्हेंबर
ट्रिगर मस्त चालतो. सात गुण. ताई म्हणाल्या, आता पुरे, हात लावू नकोस.

पण खाकरणं चालूच आहे. याचा अर्थ उघड आहे, आत अजून कुठेतरी खरखर आहे. ताई चहाला गेल्या तेवढ्यात व्हिडिओ बघून पॉलिश मारलं. थोडं जास्तच मारलं, राहून जायला नको. आता ट्रिगर लोणी! रिकामा दाबून पाहिला. मागे एकदम शांत.

बाबा, सुटलो एकदाचा. ताईंना सांगितलं नाही. सरप्राइज.

३० नोव्हेंबर
कल्याणहून नवीन शर्ट आणला. सत्काराला उत्तर म्हणून छोटं भाषण पाठ केलं. क्षिप्रा म्हणाली, पप्पा, आजोबा तर गेले, मग तुम्ही हरवताय कोणाला? कॉलेजला गेली की पोरं आगाऊ होतात. ही श्रद्धांजली आहे, म्हटलं.

१ डिसेंबर, रविवार
माझ्या शेजारची लेन बाबांची म्हणून रिकामी ठेवलेली. टार्गेट मात्र लावलेलं, खाली हार. सगळे उभे. मी आडवा झालो. नेम अजून जुळवत होतो, बोट नुसतं टेकलं, आणि गोळी सुटली.

माझं टार्गेट कोरं. बाबांच्या टार्गेटला बरोब्बर मधोमध भोक.

ताईंनी दुर्बिणीतून पाहिलं. परत पाहिलं. आमच्या क्लबचा नियम, टार्गेट ज्याचं, गुण त्याचे. माइकवर म्हणाल्या, हरिहर कर्णिक, दहा. सौमित्र कर्णिक, शून्य.

मग टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. हेमा डोळे पुसत वाजवत होती. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार?

म्हाताऱ्याने मेल्यावरही हरवलं मला. असते तर आज घरी येऊन कडाकडा भांडलो असतो. कधीपासून हॉलमध्ये बसलोय. फार आठवण येतेय त्यांची.