नाव बदललं, खिसा राहिला

४ ऑगस्ट
सेमिनार झाला. प्रबंधाचा तिसरा चॅप्टर वाचला: ऑनलाइन विकणाऱ्या बायका आणि त्यांची ओळख. त्यातलं मुख्य उदाहरण शबानाभाभींचं. नाना पेठेत शिवलेल्या नऊवाऱ्या करतात, ‘सोनसळ नऊवारी’ या पेजवर विकतात. गिऱ्हाइकं ‘ताई’ म्हणतात, नाव कुणी विचारत नाही. मी त्यांचं नाव ‘सलमा’ केलं, पेठ बदलली, पेजचं नाव बदललं. गाइड मॅडम चक्क हसल्या. “नऊवारीतल्या खिशाचा तो तपशील छान. तसाच ठेव.” तीन वर्षांतलं पहिलं कौतुक. बसचा पास असून रिक्षाने घरी आले.

९ ऑगस्ट
विभागाने सेमिनारचा व्हिडिओ चॅनलवर टाकला. मला न विचारता. आईने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मीही पाठवला, खोटं कशाला बोलू.

१२ ऑगस्ट
वाघोलीच्या कॉलेजात तास घेत होते. बाहेर येऊन बघते तर भाभींचे पाच मिस्ड कॉल. मग त्यांच्या मुलीचा, अल्मासचा मेसेज (बी.कॉम.ला आहे, पेज तीच सांभाळते): “दीदी, खिशाचं का सांगितलंत?”
कासोट्याच्या आत, कमरेशी, मोबाइलपुरता खिसा. तो फक्त भाभी शिवतात. कुणा गिऱ्हाइकाने व्हिडिओ पाहिला, घरची नऊवारी उलटून पाहिली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की ही बाई मुसलमान आहे, आपल्याला कळूही दिलं नाही.
शेण खाल्लं मी.

१३ ऑगस्ट
गौरी-गणपतीच्या ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या. कारण कुणी लिहीत नाही. “घरी थोडी अडचण आहे ताई”, इतकंच. एकीने कापड परत मागितलं. काहींनी चांगलंही लिहिलंय, असं अल्मास म्हणाली. वाचून दाखवलं नाही.
व्हिडिओ काढा म्हणून विभागात अर्ज दिला. विभागप्रमुख सर रजेवर. सोमवारी बघू म्हणे.

१६ ऑगस्ट
मॅडमना सांगितलं. “वाईट झालं गं. पण बघ, चॅप्टरला आता खरा शेवट मिळाला.” अंगाचा तिळपापड झाला. घरी पोचेपर्यंत लक्षात आलं, बारा तारखेपासून मीही टिपणं काढतेय. दुसऱ्या वहीत, तारीखवार. स्वतःची किळस आली. वही फाडली नाही.

२० ऑगस्ट
व्हिडिओ निघाला एकदाचा. नाना पेठेत गेले. भाभी मशीनवर. चहा आला, नेहमीसारखा. माफी मागितली. म्हटलं, तुम्हाला चॅप्टरमधून काढते, संमती मागे घ्यायचा फॉर्म आणलाय.
भाभींनी शांतपणे वाचला. “मला काढून काय होणार? व्हिडिओ काढला, बायका विसरल्या का?” मग म्हणाल्या, “मी कुणाला खोटं नाव सांगितलं होतं का? कुणी विचारलंच नाही. खोटं नाव तू दिलंस मला, तुझ्या पुस्तकात. ते खोड. माझं घाल. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.”
अल्मास आतून, “अम्मी, नको ना. उरलेल्या ऑर्डरीपण जातील.”
“तू गप. पेन दे.”
फॉर्मवरचा मजकूर खोडून वर स्वतःच्या हाताने लिहिलं, नाव छापावं. सही केली. अल्मास माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला.

२१ ऑगस्ट
प्रबंध तीस तारखेला द्यायचाय. मॅडमना कळवलं. त्यांचं उत्तर, “नावानिशी? उत्तमच!”
फॉर्म टेबलावर आहे. तीनदा वाचला. रागाच्या भरातली सही संमती म्हणून धरायची का... भाभींना शांतपणे पुन्हा विचारायला हवं, एवढं साधं आहे. दोनदा फोन उचलला. त्या नको म्हणाल्या तर, अशी भीती वाटली आणि ठेवून दिला.